विरोध धोरणाला की रंगाला?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांचे नाव निघाले की आम्हाला दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला प्रकार कचेरीत भेटतो. ४ नोव्हेंबर २००८ रोजी ओबामा निवडून आले तेव्हा आपल्याकडे ५ तारखेची सकाळ उजाडली होती. दुपारी डबा खाताना एक सहकारी आम्हाला उद्देशून म्हणाले, "बघा, तिकडे काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. संपला तो वर्णद्वेष. आता तुम्ही लोकांनीसुद्धा जुने रडगाणे बंद करायला हरकत नाही." दुसरा प्रकार वस्तीत भेटतो. रविवारी विहारात वाचायला-बोलायला तरुण पोरे जमतात. त्यांतला एखादा हिरिरीने सांगतो, "काका, ओबामांना जेवढा विरोध झाला तो सगळा कातडीच्या रंगामुळे. दुसरे कारणच नाही."

पहिल्या प्रकाराला उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. एक माणूस माडीवर चढला म्हणून गावकुसाबाहेरची वस्ती गावात येत नाही, हे आपल्या लोकांना सांगावे लागत नाही. खरी चर्चा दुसऱ्या प्रकाराशी करायची आहे, कारण ती पोरे आपली आहेत, तळमळीची आहेत आणि उद्या चळवळ त्यांनाच चालवायची आहे.

हा विषय आम्हाला परका वाटत नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ओबामा त्याच विद्यापीठातून १९८३ साली पदवीधर झाले. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज गेला होता त्याची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच मांडता येईल का हे त्यांना पाहायचे होते. आणि ८ नोव्हेंबर २०१० रोजी ओबामा दिल्लीत आपल्या संसदेपुढे बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी डॉ. आंबेडकरांचे नाव घेतले, एका दलित माणसाने स्वतःला वर उचलले आणि देशाची घटना लिहिली असे सांगितले. त्या संध्याकाळी आमच्या वस्तीत दूरदर्शन संचासमोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हते, पण नाव कळले होते.

असे नाते असले म्हणजे माणूस त्या नेत्याच्या बाजूने झुकतोच. आम्हीही झुकतो. पण आम्ही पोटापाण्यासाठी लिपिक आहोत आणि शिक्षण बी.कॉम.चे. कोणी काही दावा केला की जमेला काय आणि नावे काय हे आधी मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. घरातली मंडळी या खोडीला हसतात.

तर हिशेब मांडू. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांची जी पाहणी तिथे होते तिच्यानुसार २००८ साली ओबामांना गोऱ्या मतदारांची सुमारे ४३ टक्के मते पडली. चार वर्षे आधी, २००४ साली, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे गोरे उमेदवार जॉन केरी यांना गोऱ्यांची ४१ टक्के मते होती. म्हणजे काळ्या उमेदवाराला गोऱ्या उमेदवारापेक्षा दोन टक्के जास्तच! कचेरीतले आमचे सहकारी हा आकडा वाचतील तर आनंदाने मांडी थोपटतील.

पण ताळेबंद वाचताना फक्त शेवटची बेरीज बघायची नसते. २००८ हे साल कसले होते? सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही प्रचंड वित्तसंस्था बुडाली होती, लोकांची घरे जात होती, नोकऱ्या जात होत्या. सत्तेवर बुश होते आणि त्यांच्या कारभाराला लोक विटले होते. अशा वर्षी विरोधी पक्षाने दगड उभा केला असता तरी त्याची मते चांगलीच वाढायला हवी होती. दुकानात दिवाळीच्या आठवड्यात गल्ला दोन टक्क्यांनी वाढला, तर मालक खूश होत नाही, बाकीचे कुठे गेले हे विचारतो.

ते बाकीचे कुठे गेले याचा शोध तिथल्या एका अर्थतज्ज्ञाने घेतला. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ हे त्यांचे नाव. माणूस पाहणी करणाऱ्यासमोर कधी सांगत नाही की मी काळ्याला मत देणार नाही. पण रात्री एकटा संगणकासमोर बसला की मनातले टंकतो. काळ्यांविषयीचा तो जुना घाणेरडा शब्द कोणत्या भागातले लोक गूगलवर जास्त शोधतात, हे त्यांनी पाहिले. त्या भागांत केरींच्या तुलनेत ओबामांची मते कशी पडली हे ताडले. त्यांचा निष्कर्ष असा की, वर्णद्वेषामुळे ओबामांची देशभरात सुमारे चार टक्के मते बुडाली. काळा असल्यामुळे जी जास्तीची मते मिळाली ती या मानाने कमीच. म्हणजे ते जिंकले ते ही तूट भरून काढून जिंकले.

आता वस्तीतल्या आमच्या तरुणांसाठी हिशेबाची दुसरी बाजू. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कोणत्याही उमेदवाराला गोऱ्यांची बहुसंख्य मते १९६४ नंतर मिळालेली नाहीत. त्या वर्षी लिंडन जॉन्सन निवडून आले. त्यांनीच १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ साली काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा आणला आणि दक्षिणेतला गोरा मतदार त्या पक्षाला सोडून जाऊ लागला. ओबामा त्या वेळी होनोलुलूत रांगत-चालत होते. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ चा. तेव्हा गोऱ्यांची बहुसंख्या त्यांच्या विरोधात होती, एवढ्यावरून त्यांच्या रंगाविषयी काही सिद्ध होत नाही. ती त्यांच्या पक्षातल्या गोऱ्यांच्याही विरोधात होती. (तो पक्ष गोऱ्यांनी मुळात का सोडला, हे विचारले तर गाडी परत रंगापाशीच येते. पण तो दोष ओबामांच्या खात्यावर टाकता येत नाही.)

बिल क्लिंटन यांचे उदाहरण घ्या. दक्षिणेतल्या आर्कान्सा राज्यातला गोरा गृहस्थ. १९९३-९४ मध्ये त्यांनी सर्वांना आरोग्य विमा देण्याची योजना आणली, ती विरोधकांनी हाणून पाडली. डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग लावला. त्यांच्याविषयी नाही नाही त्या कंड्या पिकवल्या गेल्या. पुढे ओबामांनी आरोग्य विम्याचा कायदा आणला, २३ मार्च २०१० रोजी त्यावर सही केली आणि विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने त्याला मत दिले नाही. सरकारने लोकांच्या घरगुती गोष्टींत किती पडावे, कर किती घ्यावा, कर्ज किती करावे हा त्या देशातला फार जुना तंटा आहे. ओबामांनी सत्तेवर येताच ७८७ अब्ज डॉलर खर्चाची योजना आणली तेव्हा पैशाची काळजी करणारे लोक रस्त्यावर उतरले. त्यांतल्या प्रत्येकाला वर्णद्वेषी म्हणणे अन्यायाचे होईल.

मग एक काठी लागते मोजायला. आमची काठी कचेरीतली आहे. तीच फाईल, तोच मजकूर, फक्त खालचे नाव बदलायचे. नाव बदलल्यावर शेरा बदलला, तर आक्षेप मजकुरावर नव्हता.

ही काठी आम्हाला कुठे सापडली ते सांगतो. मागे एका कार्यालयात आम्ही होतो, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दरमहा जी विवरणपत्रे वर पाठवायची असत त्यांचा नमुना थोडा बदलला तर दोन दिवसांचे काम वाचेल, अशी टिपणी आम्ही ठेवली. साहेबांनी समासात 'चर्चा करा' असे लिहिले. चर्चेला गेलो तर वेळ नव्हता. टिपणी पाच आठवडे पडून राहिली. शेजारच्या टेबलावरचे सहकारी भले गृहस्थ होते, आडनाव मात्र वेगळ्या वळणाचे. ते म्हणाले, "अहो, माझ्या सहीने टाकून बघू का?" आम्ही म्हटले, टाका, काम झाल्याशी मतलब. मजकूर आमचाच, दोन शब्द इकडे तिकडे. चौथ्या दिवशी मंजुरी आली, वर 'उत्तम सूचना' असा शेरा. सहकाऱ्यांनाच ओशाळल्यासारखे झाले. ते म्हणाले, योगायोग असेल, मधल्या काळात साहेबांच्या मागची कामे हलकी झाली असतील. असेलही. एका फाईलवरून कोणालाही जातीयवादी ठरवता येत नाही, आणि आम्ही ठरवले नाही. परंतु अशा चार-सहा फायली ज्याच्या टेबलावरून गेल्या आहेत, त्याला काय समजायचे ते समजते. ते दुसऱ्याला पटवून देता येत नाही, एवढेच.

अमेरिकेत मायकेल टेस्लर नावाच्या प्राध्यापकांनी हेच काम शास्त्रशुद्ध पद्धतीने केले. आरोग्याच्या योजनेतल्या त्याच गोष्टी काही लोकांना क्लिंटन यांच्या म्हणून सांगितल्या आणि काहींना ओबामांच्या म्हणून. ओबामांचे नाव घेतले की काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या मतांतली दरी वाढली. ज्यांच्या मनात काळ्यांविषयी आकस होता त्यांचा विरोधही चढला. याहून गमतीचा त्यांचा कुत्र्याचा प्रयोग. ओबामांच्या घरी बो नावाचा काळा, कुरळ्या केसांचा पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा कुत्रा होता. सिनेटर टेड केनेडी यांच्याकडेही त्याच जातीचा स्प्लॅश नावाचा कुत्रा होता. टेस्लर यांनी लोकांना एकाच कुत्र्याचे चित्र दाखवले. काहींना सांगितले हा ओबामांचा, काहींना सांगितले हा केनेडींचा. काळ्यांविषयी ज्यांच्या मनात आकस होता, त्यांना तोच कुत्रा ओबामांचा म्हटल्यावर कमी आवडला! आता त्या मुक्या जनावराने आरोग्य विमा आणला होता की कर वाढवला होता? हा प्रयोग आम्ही घरी सांगितला तेव्हा आमच्या आई म्हणाल्या, "त्यात काय नवल? आमच्या लहानपणी आमच्या कोंबडीलाही गावात हाड म्हणायचे." आईंचा प्रयोग प्राध्यापकांच्या आधी झालेला होता.

आता दाखल्याची गोष्ट. ओबामांचे वडील आफ्रिकेतल्या केनिया देशाचे, आई अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली गोरी. ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, केनियात जन्मले, म्हणून त्यांना अध्यक्ष होण्याचा हक्क नाही, अशी ओरड २००८ पासून सुरू झाली. त्याच वर्षी त्यांनी जन्माचा दाखला प्रसिद्ध केला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूच्या दोन वर्तमानपत्रांत जन्माची वार्ता छापून आली होती, तीही निघाली. ओरड थांबली नाही. २०११ साली डोनाल्ड ट्रम्प या व्यापाऱ्याने ती हाती घेतली आणि देशभर नेली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी अध्यक्षपदावर बसलेल्या माणसाने आपल्या जन्माचा पूर्ण तपशिलाचा दाखला हवाई राज्यातून मागवून जगापुढे ठेवला. तरीही न मानणारे मानले नाहीत. ट्रम्प यांनी ओबामा अमेरिकेत जन्मले असे उघड कबूल केले ते १६ सप्टेंबर २०१६ रोजी, स्वतः अध्यक्षपदाचे उमेदवार असताना, एका वाक्यात.

येथे आमची काठी लावून पाहा. २००८ साली ओबामांच्या विरुद्ध उभे होते जॉन मॅकेन. त्यांचा जन्म १९३६ साली पनामा कालव्याच्या प्रदेशात झाला. अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात नाही. वडील नौदलात होते म्हणून ते तिथे जन्मले. त्यांच्याविषयीही शंका निघाली होती, नाही असे नाही. पण एप्रिल २००८ मध्ये सिनेटने एकमताने ठराव केला की मॅकेन जन्माने नागरिक आहेत, आणि शंका मिटली. त्या ठरावाच्या पाठीराख्यांत ओबामाही होते. जो खरोखर बाहेर जन्मला त्याला एक ठराव पुरला. जो आत जन्मला त्याला दोन दाखले पुरले नाहीत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ट्रम्प यांनी २०१६ साली आपल्याच पक्षाचे टेड क्रूझ यांच्याबाबतही हा मुद्दा काढला, कारण क्रूझ कॅनडात जन्मले होते. पण तो वाद काही आठवड्यांचा होता. त्याची चळवळ झाली नाही.

दाखल्याचे हे प्रकरण वाचताना आमच्या पोटात वेगळेच कालवले. गेल्या काही वर्षांत वस्तीतल्या मुलामुलींची जात पडताळणीची किती प्रकरणे आम्ही भरून दिली याची गणती नाही. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. ज्यांना शाळेच्या ओट्यावरही चढू दिले नाही त्यांचा दाखला कुठून आणायचा? मग गावी जायचे, जुनी रजिस्टरे उघडायची, कोतवालाच्या नोंदी काढायच्या, कुठे मोडी वाचणारा गाठायचा. पडताळणी नको असे आमचे म्हणणे मुळीच नाही. खोटे दाखले घेऊन आपल्या जागा लाटणारे तिच्यामुळेच पकडले जातात. परंतु सगळे कागद बरोबर असलेल्या मुलीकडे खिडकीपलीकडचा माणूस ज्या नजरेने पाहतो, ती नजर कागदावर नसते, मुलीवर असते. ओबामांचा दाखला मागणाऱ्यांना दाखला नकोच होता. 'तू इथला नाहीस' हे त्यांना म्हणायचे होते, आणि ते सरळ म्हणायची आता तिथे सोय राहिली नाही म्हणून दाखला मागितला. विरोधातला हा भाग धोरणाचा आहे असे कोणी आम्हाला सांगू नये.

कुटुंबाच्या पानावर लिहीत आहोत म्हणून मिशेलबाईंचेही सांगितले पाहिजे. शिकागोच्या पाणीपुरवठ्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या कामगाराची ही मुलगी. खापरपणजे दक्षिण कॅरोलायनातल्या भाताच्या मळ्यावर गुलाम होते. ती प्रिन्स्टन आणि हार्वर्डला शिकून वकील झाली. अध्यक्षांच्या पत्नीला कायदा करता येत नाही, कर लावता येत नाही. तिने मुलांनी भाजीपाला खावा म्हणून परसात वाफे केले. नोव्हेंबर २०१६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्ले नावाच्या छोट्या गावात एका संस्थेच्या संचालिकेने समाजमाध्यमावर लिहिले की व्हाइट हाउसमधली उंच टाचांची माकडीण आता जाईल. गावच्या महापौरबाईंनी त्याला दाद दिली. ओरड झाल्यावर महापौरबाईंना राजीनामा द्यावा लागला. हे धोरणाला विरोध करणाऱ्यांचे बोल नाहीत. आपल्या भगिनींना ही भाषा अनोळखी नाही. फक्त जनावराचे नाव वेगळे असते.

एवढे सगळे होत असताना ओबामा स्वतः काय म्हणत होते? जवळजवळ काहीच नाही. ९ सप्टेंबर २००९ रोजी दोन्ही सभागृहांपुढे त्यांचे भाषण चालू असताना दक्षिण कॅरोलायनाचे सदस्य जो विल्सन 'यू लाय' म्हणून ओरडले. तिथे तोवर असे सहसा होत नसे. माजी अध्यक्ष जिमी कार्टर हे जॉर्जियातले, दक्षिणेतला गोरा माणूस ओळखणारे. ते म्हणाले की ओबामांविषयीच्या या तीव्र वैराचा फार मोठा भाग ते काळे आहेत यामुळे आहे. ओबामांच्या कचेरीने दुसऱ्या दिवशी सांगितले, अध्यक्षांना तसे वाटत नाही. दूरदर्शनवरच्या मुलाखतीत त्यांनी ते हसण्यावारी नेले, म्हणाले की मी निवडणुकीच्या आधीही काळाच होतो. पुढे २०१४ साली एका मुलाखतीत मात्र मोजून बोलले. काळा अध्यक्ष नको म्हणून मला नावडते मानणारे लोक आहेत यात शंका नाही, आणि काळा अध्यक्ष आहे म्हणूनच मला सांभाळून घेणारेही आहेत, अशा आशयाचे ते बोलणे होते.

आमच्या विहारातल्या एका मुलीने याला भित्रेपणा म्हटले. आम्हाला तसे वाटत नाही. जुलै २००९ मध्ये काय झाले ते पाहा. हार्वर्डचे काळे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स परदेशाहून घरी परतले, दार अडकले होते ते जोर लावून उघडले, कोणीतरी पोलिसांना कळवले, आणि बाचाबाची होऊन प्राध्यापकांना त्यांच्याच घरी बेड्या पडल्या. ओबामांना विचारले तेव्हा ते बोलून गेले की पोलीस मूर्खासारखे वागले. एवढ्या एका वाक्यावर देश पेटला. शेवटी प्राध्यापक आणि तो पोलीस अधिकारी या दोघांना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर बोलावून बिअर पाजून समेट करावा लागला. ओबामांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिले आहे की, आठ वर्षांत दुसऱ्या कोणत्याही एका घटनेने गोऱ्यांमधला त्यांचा पाठिंबा एवढा घटला नाही. बँका वाचवल्या, विमा आणला, फौजा पाठवल्या. पण मते गळाली ती एका काळ्या माणसाच्या अटकेवर खरे बोलल्यामुळे! अशा माणसाने गप्प राहणे हा भित्रेपणा नव्हे, तो भाव आहे, जो त्या खुर्चीसाठी मोजावा लागतो. कचेरीत वरच्या जागेवर गेलेला आपला माणूस आपल्याच माणसांशी फोनवर हळू आवाजात का बोलतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे कळेल.

पण आमच्या त्या तरुणांना आम्हाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती त्यांना आवडत नाही. ओबामांना काळ्यांनीही विरोध केला. २००० साली शिकागोच्या दक्षिण भागातून ते प्रतिनिधिगृहासाठी पक्षाची उमेदवारी मागायला गेले, तेव्हा बॉबी रश यांनी, जे एके काळी ब्लॅक पँथरमध्ये होते, त्यांचा दणदणीत पराभव केला. हा हार्वर्डचा शिकलेला, आपला नव्हेच, अशी कुजबुज तेव्हा काळ्या वस्तीत होती. पुढे कॉर्नेल वेस्ट या काळ्या विचारवंतांनी त्यांच्यावर सडकून टीका केली की बँकवाले वाचवले आणि गरीब वाऱ्यावर सोडले. लाखो स्थलांतरितांना देशाबाहेर काढले म्हणून स्थलांतरितांच्या संघटना संतापल्या. पाकिस्तान, येमेनमध्ये वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांनी मारलेल्यांत निरपराध लोकही होते. यांतल्या कोणत्या टीकेला वर्णद्वेष म्हणायचे? आपला नेता आहे म्हणून त्याच्यावरचा प्रत्येक आक्षेप द्वेषाच्या खात्यात टाकला, की नेत्याला जाब विचारणारे कोणी उरत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला तो काही फक्त दुसऱ्यांच्या नेत्यांसाठी नव्हता. त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून आपण नेमके तेवढेच भाषण विसरतो.

आणि आयोवाचे काय करायचे? तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक गोरे असलेले हे शेतीचे राज्य. जानेवारी २००८ मध्ये ओबामांना पहिला विजय इथेच मिळाला. २००८ आणि २०१२, दोन्ही वेळा त्यांनी आयोवा जिंकले. २०१६ मध्ये तेच राज्य ट्रम्प यांच्याकडे गेले. देशभरात ओबामांना दोनदा आणि मग ट्रम्प यांना कौल देणाऱ्या अशा २०६ काउंट्या निघाल्या. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखे समजा. तिथल्या गोऱ्या शेतकऱ्याने, बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराने काळ्या माणसाला दोनदा मत दिले आणि नंतर त्याचा जन्मदाखला मागणाऱ्यालाही दिले. हा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा? आमच्या खतावणीत त्याला रकाना नाही. जे लोक त्याला सरळ वर्णद्वेषी म्हणून मोकळे होतात त्यांच्या हातून तो कायमचा जातो, आणि जे म्हणतात की पाहा, त्याने मत दिले म्हणजे द्वेष नाहीच, तेही त्याला ओळखत नाहीत. आपल्या गावातही असा माणूस असतो. तो आपल्या डॉक्टरकडे औषधाला येतो, आपल्या शिक्षकाकडे पोराची शिकवणी लावतो आणि घर विकताना मात्र आपल्याला विकत नाही.

आमचे मत विचाराल तर, विरोधाची डाळ पक्षाची होती, धोरणाची होती. ती ओबामा नसते तरी शिजलीच असती, क्लिंटन यांच्या वेळी शिजली होती. फोडणी रंगाची होती. एकदा फोडणी पडल्यावर डाळीतून ती वेगळी काढता येत नाही, म्हणून 'दाखवा कुठे आहे ती' असे म्हणणाऱ्यांचे फावते. वास मात्र घरभर येतो.

मॅकेन यांची एक गोष्ट सांगायची राहिली. १० ऑक्टोबर २००८ रोजी मिनेसोटातल्या लेकव्हिल गावी त्यांची प्रचारसभा होती. मत मागायला आलेला उमेदवार, समोर त्याचेच लोक. एकाने सांगितले की ओबामा अध्यक्ष होतील याची आम्हाला भीती वाटते. मॅकेन म्हणाले की ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना घाबरण्याचे कारण नाही. त्यावर त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. मग एक बाई ध्वनिक्षेपक घेऊन म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी बाईंच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला, मान हलवली आणि सांगितले की नाही बाई, ते चांगले कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे आणि त्यांचे मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत, आणि ही निवडणूक त्यासाठीच आहे. (अरब असणे म्हणजे सभ्य नसणे काय, असे पुढे अनेकांनी विचारले, आणि ते योग्यच होते. मॅकेन यांच्याच पक्षातले कॉलिन पॉवेल त्याच महिन्यात ओबामांना पाठिंबा देताना म्हणाले की, ओबामा ख्रिस्ती आहेत हे उत्तर बरोबर, पण मुसलमान असते तर काय बिघडले असते?) मॅकेन निवडणूक हरले. पुढली आठ वर्षे त्यांनी सिनेटमध्ये ओबामांना कडाडून विरोध केला, आरोग्याच्या कायद्याविरुद्ध मत दिले, परराष्ट्र धोरणावर वाभाडे काढले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते वारले. आपल्या अंत्यविधीला कोणी बोलावे हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. १ सप्टेंबर २०१८ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये त्यांच्या शवपेटीसमोर जे दोन माजी अध्यक्ष बोलायला उभे राहिले, त्यांतले एक ओबामा होते.